आधी देणे, मग दान



आपल्या वस्त्यांत अलीकडे एक नवा दाता येऊ लागला आहे. तो मोटारीतून येतो, त्याच्यासोबत छायाचित्रकार असतो, आणि त्याच्या हातात कधी मुलांची दप्तरे, कधी शिलाईयंत्रे, तर कधी विहारासाठी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असते. हा दाता म्हणजे कोणी शेटजी नव्हे. ती एखादी कंपनी असते. समारंभ होतो. आपले तरुण खुर्च्या मांडतात, आपल्या भगिनी पंचशील म्हणून कार्यक्रमास प्रारंभ करतात, अधिकाऱ्याचा शाल घालून सत्कार होतो, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक संगमरवरी पाटी उरते. या व्यवहाराला 'कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व' असे भारदस्त नाव आहे. बोलताना सारे त्यास 'सीएसआर' म्हणतात.

या दात्याविषयी आज मला आपणांशी स्पष्ट बोलावयाचे आहे. त्याचे दप्तर घेऊ नका असे मी म्हणणार नाही. घरातील लेकराच्या खांद्यावर दप्तर नसताना आईबापांना अभिमानाचा उपदेश करणारा मनुष्य मला कधीच आवडला नाही. परंतु तो ज्याला दान म्हणतो ते खरोखर दान आहे काय, आणि दान देण्यापूर्वी त्याने आपले देणे चुकते केले आहे काय, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून जो टाळ्या वाजवितो तो स्वतःच्या हक्काच्या बक्षीसपत्रावर अंगठा उमटवितो, एवढे मात्र मी म्हणणार आहे.

प्रथम कायदा पाहू. कंपनी अधिनियम, २०१३ याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आहे. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च केली पाहिजे. ही कामे कोणती, ते अधिनियमाच्या सातव्या परिशिष्टात लिहिले आहे. भूक व दारिद्र्य यांचे निवारण, शिक्षण, आरोग्य, स्वच्छता इत्यादी कामे त्यात आहेतच. शिवाय सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या गटांना सोसावी लागणारी विषमता कमी करणे हेही त्यात आहे. आरंभीची काही वर्षे, खर्च का झाला नाही याचे कारण अहवालात लिहिले की कंपनीचे भागत असे. २०२१ पासून ती पळवाट बंद झाली. न खर्चिलेली रक्कम आता ठराविक मुदतीत परिशिष्टातील निधीकडे भरावी लागते, अथवा प्रकल्प चालू असेल तर वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास तुरुंगवास लिहिला होता. ती तरतूद अमलात येण्यापूर्वीच २०२० साली तिच्या जागी केवळ दंड आला. धनिकांच्या बाबतीत कायद्याचे मन किती लवकर द्रवते हे आपण जाणताच. असो.

२०१४-१५ साली या मार्गाने देशात सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च झाले. २०२२-२३ साली हा आकडा ३० हजार कोटींच्या घरात पोचला, आणि त्यातील सर्वाधिक वाटा आपल्या महाराष्ट्राच्या पदरी पडला. म्हणजे आपल्या वस्तीत आलेले यंत्र कोणाच्या अंतःकरणातील करुणेने आलेले नाही. ते कलम १३५ ने आणलेले आहे. घरपट्टी भरणाऱ्या मनुष्यास आपण हार घालीत नाही. मग या अधिकाऱ्यासच शाल कशासाठी?

परंतु ही झाली वरवरची गोष्ट. खरी मेख त्या '२ टक्के' या शब्दांत आहे. कशाचे २ टक्के? नफ्याचे. आणि नफा म्हणजे काय? विक्रीच्या रकमेतून कच्चा माल, वीज, व्याज आणि मजुरी यांचा खर्च वजा केल्यावर जे शिल्लक राहते ते. आता अशी कल्पना करा की एका झाडूवाल्या बाईला कायद्याने जी मजुरी मिळावयास हवी होती तिच्यातले १०० रुपये तिला मिळाले नाहीत. ते कोठे गेले? कंत्राटदाराने आपला हिस्सा काढला असेल तो वगळता ते कंपनीच्या खर्चातून वाचले आणि नफ्यात जाऊन बसले. त्या १०० रुपयांतले २ रुपये पुढे 'सामाजिक उत्तरदायित्व' या नावाने तिच्याच वस्तीत परत आले. जिचे १०० रुपये गेले तीच २ रुपयांसाठी व्यासपीठासमोर हात जोडून उभी, आणि ज्याने ९८ रुपये ठेवून घेतले तो दाता! या हिशेबास मी नीती म्हणू शकत नाही. न्यायालयात अशा हिशेबाला निराळे नाव आहे.

आणि येथे कायद्याचे लिहिणेही आपल्या बाजूचे आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, अन्य कोणत्याही कायद्याने बंधनकारक असलेली गोष्ट पार पाडणे हे सीएसआर नव्हे. तसेच ज्या कामाचा लाभ कंपनीच्या स्वतःच्या नोकरांना होतो तेही सीएसआर नव्हे. याचा अर्थ सरळ आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, सुरक्षेची साधने, अपघाताची भरपाई ही सारी देणी आहेत. ती चुकविल्यानंतर दानाचा आरंभ होतो. कायद्याने या दोहोंमध्ये भिंत घातली आहे. समारंभाचा मंडप मात्र नेमका त्या भिंतीवर पडदा टाकतो.

हा खेळ नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो मुंबईच्या गिरण्यांत पाहिला आहे. गिरण्यांत अस्पृश्यांना प्रवेश होता, पण रिंगखात्यासारख्या कमी पगाराच्या खात्यांत. विणकामाच्या खात्यात पगार अधिक, आणि तेथेच दार बंद. कारण असे सांगत की, धोट्यातील कांडी बदलताना सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावे लागते, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? यंत्र विलायतेचे, भांडवल शेअर बाजाराचे आणि विटाळ मात्र आपल्या गावचा! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे रेटला. ज्या काळी मालक लोक धर्मशाळा, देवळे आणि विद्यालये बांधून आपल्या नावांच्या शिळा बसवीत होते, त्याच काळी त्यांच्याच छपराखाली हे दार बंद होते. धर्मशाळेने ते उघडले नाही.

पुढे पुणे करारानंतर, सप्टेंबर १९३२ च्या अखेरीस, अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली. तीच नंतर हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. तिचे अध्यक्ष होते देशातील अग्रगण्य उद्योगपती घनश्यामदास बिर्ला, आणि चिटणीस होते अमृतलाल ठक्कर. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघालेल्या बाबासाहेबांनी त्या नोव्हेंबरात बोटीवरून ठक्करांना एक सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: काही निवडक व्यक्तींना सद्गुणी बनविण्याच्या कामात शक्ती घालवू नका, नागरी हक्कांसाठी झगडा, आणि रोजगारात समान संधी मिळवून द्या. मुंबई आणि अहमदाबाद येथील कापड गिरण्यांत आमच्या माणसास कमी पगाराच्या खात्यांतच घेतात, तेजीत त्यास सर्वांच्या शेवटी घेतात आणि मंदीत सर्वांच्या आधी काढतात, हे त्यांनी त्या पत्रात लिहिले. गिरणीमालक ज्या संस्थेच्या जवळ होते त्याच संस्थेकडे त्यांनी गिरणीतील नोकरी मागितली होती. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. संस्थेने शाळा काढल्या, वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या, विहिरी खणल्या. गिरणीचे दार तिने ठोठावले नाही.

वाचकहो, हे उत्तर नीट ओळखून ठेवा, कारण आपणांस आजही तेच उत्तर मिळत आहे. मागणी हक्काची केली की हातावर मदत ठेवावयाची. धनिक हे समाजाच्या संपत्तीचे विश्वस्त आहेत, या गांधीजींच्या सिद्धान्ताची बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात निर्दय चिकित्सा केली ती याच कारणास्तव. विश्वस्तास न्यायालयात खेचता येते. त्याच्याकडून हिशेब मागता येतो. हिशेब चुकला तर त्यास काढून टाकता येते. ज्या विश्वस्ताला लाभार्थी काढू शकत नाही त्याला वकिली भाषेत विश्वस्त म्हणत नाहीत, मालक म्हणतात.

२००६ साली खाजगी उद्योगांत राखीव जागांचा विषय निघाला तेव्हा काय झाले ते आठवा. उद्योगपतींच्या संघटनांनी एकमुखाने विरोध केला आणि त्याबदल्यात स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली. आम्ही प्रशिक्षण देऊ, शिष्यवृत्त्या देऊ, आमच्या मनाने नोकऱ्या देऊ; कायदा तेवढा करू नका. या 'मना'ची परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. आडनाव उच्चवर्णीय असलेल्या अर्जाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जास पुढचे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांशच भरला. प्रत्यक्ष उमेदवार कोणी पाहिला नव्हता. टपालातून केवळ आडनाव गेले होते. आपण दीक्षा घेतली, नामांतर केले, मुलांची नावे सिद्धार्थ, संघमित्रा ठेवली. आणि त्याच नावांवरून आता आपली जात ओळखली जाते, हा अनुभव कोणाला नाही?

वरच्या मजल्यावर कोण बसले आहे तेही पाहा. देशातील १,००० मोठ्या कंपन्यांच्या २०१० सालच्या संचालकांची सामाजिक पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून अवघे साडेतीन टक्के. आता कलम १३५ पुन्हा वाचा. दोन टक्के रकमेचे काय करावयाचे हे ठरविणारी समिती संचालकांचीच असते. ज्याला द्यावयाचे त्याचा एकही प्रतिनिधी त्या समितीवर असला पाहिजे असे कायदा म्हणत नाही. आमच्या वस्तीला काय हवे हे वस्तीला न विचारता ठरते, ते यामुळेच. तीन वर्षांत तिसऱ्यांदा दप्तरे आली आणि गटाराच्या झाकणाची मागणी तशीच राहिली, याचे नवल वाटावयाचे कारण नाही.

भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी' या संस्थेने २०२२-२३ पासून पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसायातील उत्तरदायित्वाचा एक लांबलचक अहवाल सक्तीचा केला आहे. नोकरांत पुरुष किती, स्त्रिया किती, अपंग किती, कायम किती आणि बिगरकायम किती, हे त्यात सांगावे लागते. चांगली गोष्ट आहे. परंतु नोकरांत अनुसूचित जातींचे किती, हा रकाना त्यात नाही. आता मौज पाहा. त्याच अहवालात पुढे, सीएसआर प्रकल्पांच्या लाभार्थींत दुर्बल व वंचित गटांतील किती टक्के होते, यासाठी मात्र ऐच्छिक रकाना आहे! घेणाऱ्याच्या रांगेत आपण मोजले जातो, कमावणाऱ्याच्या रांगेत मोजले जात नाही. आजच्या उद्योगनीतीचे याहून खरे चित्र मला दुसरे ठाऊक नाही.

आणि आता गटाराविषयी. मैला हाताने उचलण्याच्या प्रथेस बंदी करणारा २०१३ चा अधिनियम त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी अमलात आला. ती तारीख आपणांस सांगावयास नको. त्याचे कलम ७ म्हणते की, गटारांची किंवा मैल्याच्या टाक्यांची धोकादायक सफाई करण्यासाठी कोणीही कोणासही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामाला लावू नये. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द अधोरेखित करा. कंत्राटदाराने माणूस आणला, आम्हास ठाऊक नव्हते, ही सबब त्या एका शब्दाने मारली आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली; २०२३ च्या ऑक्टोबरात ती ३० लाख केली. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडी येथील एका खाजगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गुदमरून मेले, तेव्हा शासनाचा बचाव असा होता की हे काम खाजगी होते. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो मानला नाही. तिघांच्या विधवांना शासनाने भरपाई द्यावी असा आदेश दिला.

हे मी इतक्या विस्ताराने का सांगतो? सातव्या परिशिष्टात 'स्वच्छता' हा शब्द आहे म्हणून. एखादी कंपनी शाळेत शौचालय बांधते, त्याचे छायाचित्र अहवालात छापते, आणि तिच्याच कारखान्याची टाकी उपसण्यासाठी ठेकेदार दोरी आणि बादली घेऊन कोणाला उतरवितो हे त्या अहवालात नसते. उतरणारा कोणत्या जातीचा असतो, हेही मी सांगावयास नको. अशा कंपनीच्या शौचालयास माझी हरकत नाही. परंतु तिची पहिली स्वच्छता तिच्या स्वतःच्या टाकीपाशी झाली पाहिजे. तेथे यंत्र आणणे हे दान नव्हे, देणे आहे.

कंत्राटी कामाचे गौडबंगाल आपल्या घराघरांत आहे. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत मी तेच पुनःपुन्हा पाहतो: फाटक तेच, झाडू तोच, माणूस तोच, आणि दर वर्षाला ओळखपत्रावर ठेकेदाराचे नाव नवे. पगाराची पावती नाही. निर्वाह निधीचे पैसे कापले, पण भरले नाहीत. कंपनीकडे गेले की उत्तर येते, 'तो आमचा माणूस नव्हे.' हे उत्तर कायद्याने खोटे आहे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा कमी दिली, तर ती देण्याचे दायित्व मूळ मालकाचे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमात होते. त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितांतही ते कायम आहे. मग ज्या माणसाला कंपनी 'आमचा नव्हे' म्हणते, त्याच्याच मुलाला दप्तर देताना ती 'आमचा समाज' कसे म्हणते?

भगवंतांनी हा प्रश्न दानाच्या सदरात टाकलेला नाही. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणास त्यांनी सहा नाती समजावून दिली. खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामकरी. त्यांना त्यांच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्यांची काळजी घ्यावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळेवर सुटी द्यावी. ही मालकाची कर्तव्ये आहेत. उपकार हा शब्द तेथे नाही. वेतन, आजारपण, विश्रांती हे सारे कर्तव्यात मोडते. मद्य आणि विष यांच्या व्यापाराचा तर भगवंतांनी उपासकास स्पष्ट निषेध सांगितला. मद्याच्या नफ्यातून व्यसनमुक्तीचे शिबिर भरविणाऱ्यास त्यांनी काय म्हटले असते याचा विचार ज्याने त्याने करावा.

यावर आपल्यातलाच एखादा अनुभवी गृहस्थ म्हणेल, 'वकीलसाहेब, असे प्रश्न विचारले तर कंपनी पुढच्या वस्तीत जाईल, आणि आपली मुले दप्तरावाचून राहतील.' हा आक्षेप खोटा नाही. पैसा कंपनीच्या खिशात राहणार नाही, तो कायद्याने कोठे तरी खर्च व्हावाच लागेल. परंतु तो आपल्याच वस्तीत येईल याची हमी मी देऊ शकत नाही. कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, आणि कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीने तो शब्द अवश्य दाखवावा. तरीही समजा, दप्तरे पुढच्या वस्तीत गेली. त्या वस्तीतील मुले कोणाची आहेत? ती बहुधा आपलीच असतील. आणि तेथेही आपले विहार असेल. प्रश्न एकाच वस्तीने विचारला तर ती एकटी पडते. तालुक्यातील सर्व विहारांनी तोच प्रश्न विचारला तर मोटार कोठे वळवावयाची हे कंपनीला ठरवावे लागेल.

म्हणून माझी विनंती एका साध्या कामाची आहे. मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात भागधारकांकडे जातात आणि कंपनीच्या संकेतस्थळावरही ठेवले जातात. सीएसआरचा अहवाल त्याला जोडलेला असतो. कोणत्या कामावर किती रुपये आणि कोणत्या जिल्ह्यात, हे २०२२ पर्यंत त्यात लिहावे लागत असे; आता कामांवर झालेला एकूण खर्च तरी त्यात लिहावा लागतोच. हे दिवस वर्षावासाचे. आपल्या विहारांत त्या तीन महिन्यांत रोज सायंकाळी ग्रंथवाचन होते. त्यातील एक सायंकाळ या अहवालासाठी ठेवा. महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलीस तो मोठ्याने वाचावयास सांगा आणि तिच्यासमोर त्या कंपनीच्या फाटकाच्या आत राबणाऱ्या आपल्या माणसांना बसवा. अहवालात सीएसआरवर खर्च झाला म्हणून लिहिलेली रक्कम आणि त्यांच्या हाती गेल्या महिन्यात पडलेली मजुरी, या दोन गोष्टी एकाच वहीत शेजारी शेजारी लिहून घ्या. पुढच्या वेळी अधिकारी आले की त्यांना चहा द्या, बसावयास खुर्ची द्या, आणि ती वही त्यांच्यापुढे ठेवा.